जोडाच्या शेजारी

सकाळपासूनच ऊन चावत होतं, म्हणून पंक्चरवाला हात राखून हवा मारत होता. तरी एक ट्यूब फुटलीच. ठिगळ शाबूत, शेजारचं रबर फाटलेलं. दुपारी इस्पितळात न्यायची म्हणून दुकानातच बसवलेली त्याची सहा वर्षांची टिल्ली दचकली, मग खिदळली.

"बाबा, माझ्या फुग्याला तू हात नको लावूस. तुझा फुटतो."

त्याने फुटकी ट्यूब तिच्या नजरेआड टाकली.

टिल्ली तान्ही असताना तिच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी एका जागी अरुंद निघाली. तेवढा तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली होती. पोर वाढली, जोड काही वाढला नाही. खाली रक्त पुरेना. पळताना पाय भरून येत, भर उन्हात तळवे गार. आता जांघेतून बारीक नळी घालून, जोडापाशी फुगा फुगवून जागा रुंद करणार होते. छाती पुन्हा उघडायची नाही म्हणून बायकोला हायसं वाटलं होतं. त्याला नाही. जुन्या जोडाशेजारी जोर पडला की काय होतं, ते तो रोज बघत होता. बोलला मात्र नव्हता.

टिल्लीला आत नेल्यावर त्याने डॉक्टरीणबाईंना दारातच गाठलं. हवा किती मारता, विचारलं. हवा नसते, औषध मिसळलेलं पाणी असतं, दाब बघत भरतो, असं त्या म्हणाल्या.

"आणि फाटलं तर?"

बाई थांबल्या. "क्वचित फाटतं. म्हणून ऑपरेशनवाले तयार ठेवलेत. फाटणारच नाही, असं खोटं सांगणार नाही."

दार लागलं.

"हे तुम्ही एकटेच पोटात घेऊन हिंडत होतात?" मागेच उभी असलेली बायको बाकावर टेकत म्हणाली आणि त्याचा काळा पडलेला हात तिने मांडीवर ओढून घेतला. आत पावलं वाजली की दोघं दाराकडे बघत. एकदा दार उघडलं, तर कुणीतरी बादली घेऊन गेलं. बादलीत काय होतं, ते बघायची त्याला छाती झाली नाही.

शेवटी बाई आल्या. जोड रुंद झाला होता, फाटलं काही नव्हतं.

त्याने टिल्लीचे तळवे चाचपले. ऊबदार लागले. आपलाच हात गार पडला असेल म्हणून त्याने बायकोलाही बघायला लावलं.

"फुटला?" टिल्ली गुंगीत पुटपुटली.

"नाही गं."

"मग माझा फुगा आणलास का?"

ती घरी आल्यावर त्याने दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक कुरकुरलं, हवा मारताय की फुंकर घालताय? पंपावर त्याचा हात जरा अडला. मग एक दट्ट्या मारला, अंगठ्याने टायर दाबून पाहिलं, आणि आणखी एक मारला.