गळ्याची गुंडी

परंड्यात आम्ही नऊ मुलींनी मिळून गुंड्यांचं मंडळ काढलं होतं, हे आज सांगितलं तर माझी नातवंडंसुद्धा हसतात. हसोत बापडी. आम्हाला तेव्हा ते मंडळ निजामाच्या दरबाराहून मोठं वाटायचं. अध्यक्ष होती हैदराबादेला आत्याकडं राहून आलेली एक थोराड मुलगी. तिकडच्या बायका पुठ्ठ्यावर गुंड्या टाचून त्यांचं प्रदर्शन भरवतात, हे म्हणे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आम्ही लगेच कापडाच्या ठाणांतले पुठ्ठे मागून आणले.

नियम मात्र कडक होते. गुंडी विकत घ्यायची नाही, वापरातल्या कपड्याची तोडायची नाही, आणि एकदा अदलाबदल झाली की परत मागायची नाही. अडचण अशी की आमच्या आया चोळीला गाठ मारायच्या. आमच्या पोलक्यांना असायची ती एखादी बारकी; दाखवण्याजोगी गुंडी घरात यायची ती पुरुषांच्या कपड्यांवरूनच. ज्यांच्या घरी बाप, काका, भाऊ होते त्यांचे पुठ्ठे भराभर भरले. माझे वडील मी दीड वर्षाची असतानाच वारले होते. घरात आई आणि मी, दोघीच. मग मी बोहारणीच्या मागं मागं गल्ल्या पालथ्या घालायची आणि तिच्या गाठोड्यातल्या फाटक्या सदऱ्यांच्या गुंड्या मिळवायची. लोक काय म्हणतील याची मला तेव्हाही पर्वा नव्हती.

अशाच मला निळ्या काचेच्या पाच गुंड्या मिळाल्या. सहावी होती शेजारच्या मैत्रिणीकडं. सहाचा पुरा संच झाला तर पहिला नंबर आपलाच, हे मला ठाऊक होतं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, “शेरवानीची गुंडी दे, मग देते.” आईच्या सुईदोऱ्याच्या डबीत तळाशी शेरवानीची एक काळी लाकडी गुंडी होती. कडेला दोन खड्डे पडलेली. असली खराब गुंडी कुणाच्या काय कामाची, असं म्हणून मी ती आईला न विचारता उचलली आणि देऊन टाकली.

प्रदर्शन दर्जीचाचांच्या दुकानाच्या ओट्यावर होतं. शुक्रवारी शाळेला सुट्टी असायची. चाचा दुपारची नमाज पढून आले की नंबर काढणार होते. पहिल्या नंबराचं बक्षीस म्हणजे कुणाच्याही पुठ्ठ्यावरची हवी ती एक गुंडी. अध्यक्षीणबाईंच्या पुठ्ठ्यावर शिंपल्याची गुंडी होती, तिच्यावर गुलाब कोरलेला. तीन महिने मी तिच्यावर डोळा ठेवून होते.

आई कधी कुठं जात नसे. विधवा बाईनं चारचौघांत जायचं नाही, असा तो काळ. पण त्या दिवशी पदर सावरून ती माझा पुठ्ठा बघायला आली. निळ्या गुंड्यांवरून तिनं कौतुकानं बोट फिरवलं आणि सहज शेजारच्या पुठ्ठ्याकडं वळली. तिथंच थांबली.

“ही इथं कशी आली?” तिनं विचारलं.

“तुमच्या पोरीनंच दिली की, काकू. काल,” मैत्रीण म्हणाली.

“व्हय का? जपून ठेव हं बाई.”

एवढं बोलून आई खांबाआड जाऊन उभी राहिली. मी तिचा चेहरा बघितला. काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण चुकलं होतं हे कळलं. तेवढ्यात चाचांनी माझा नंबर पहिला काढला. “चुन ले बेटी, कोई भी,” म्हणाले.

मी शिंपल्याच्या गुंडीकडं एकदा पोटभर बघून घेतलं आणि मैत्रिणीच्या पुठ्ठ्यावरची काळी गुंडी उचलली.

“काल दिली अन् आज परत घेती? येडी का काय!” सगळ्या पोरी खो खो हसल्या. चाचा हसले नाहीत. वडिलांची शेरवानी त्यांनीच शिवली होती, हे मला नंतर कळलं.

घरी येऊन मी गुंडी आईच्या हातावर ठेवली आणि रडू लागले. तिनं मला जवळ घेतलं.

“ह्यांनी तुला कडेवर घेतलं की तू ही चावायचीस. हे खड्डे तुझ्या दातांचे हायत,” ती म्हणाली. मग म्हणाली, “त्या सकाळी कचेरीत निघाले अन् गळ्याची गुंडी तुटली. उशीर झाल्ता. कोनाड्यात ठेवली अन् म्हणले, संध्याकाळी लाव. संध्याकाळी आले ते तापानं फणफणून. शेरवानी देऊन टाकली गं, पण ही देववली न्हाय.”

मी गुंडी परत डबीत ठेवायला गेले. आईनं ती माझ्या हातातून घेतली. दिवा लावून माझं फुलाफुलांचं पोलकं मांडीवर पसरलं. गळ्याची बारकी गुंडी काढली, काज मोठं केलं आणि ती काळी गुंडी तिथं शिवू लागली. पोलक्याला ती अगदी विजोड दिसत होती.

शेवटची गाठ मारून तिनं दातानं दोरा तोडला. गुंडीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, “लावली बघा.”