सुरूच्या फांदीवरचा बर्फ

आज देवघराच्या खणात आईचा कापसाचा डबा सापडला. झाकण उघडताच कापूस आणि कुंकू यांचा कोरडा वास आला, आणि मी आठवीत असतानाच्या एका नाताळात जाऊन पोहोचले.

त्या वर्षी आमच्या माडीवर नॉर्वेहून आलेले एक कुटुंब भाड्याने राहत होते. त्यांनी भाट्याच्या किनाऱ्यावर मोडून पडलेली सुरूची फांदी आणून वाळूच्या बादलीत उभी केली होती. डोक्यावर पंखा फिरत होता, आणि त्यांची सहा वर्षांची लिसा मुसमुसत होती. बर्फ नाही, तर हा नाताळ कसला, असे तिचे म्हणणे तिच्या वडिलांनी इंग्रजीत सांगितले. माझ्याबरोबर वर आलेल्या आईला मी ते मराठीत सांगितले.

आई खाली जाऊन पूजेसाठी केलेली कापसाची वस्त्रे घेऊन आली, कुंकवाच्या ठिपक्यांसकट. "रडू नको गो बाय," म्हणत तिने ती फांदीवर घातली आणि माझ्याकडे वळली. "सांग तिला, हे देवाचं वस्त्र. तुमचा देव तर बाळच आहे, त्याला पांघरायला होईल."

इंग्रजीत पहिली येणारी मी लाजेने गप्प राहिले. ही माणसे आईला हसतील, अशी मला भीती वाटली.

"काय गो, शाळेत नुसती बाकं झिजवतेस?" आई म्हणाली.

लिसाने मात्र डोळे पुसले, फांदीवरचे एक वस्त्र काढले आणि आईच्या गळ्यात घातले. आई दिवे लागेपर्यंत तशीच घरात वावरत होती.

मी न सांगितलेले तिचे ते वाक्य आज, इतक्या उशिरा, इथे लिहून ठेवते आहे.