चार पिल्लांचं समान वाटप

समानतेचा पहिला प्रयोग मी घरात केला, आणि त्यात चार जीव गेले.

जीव म्हणजे ब्रोमेलियाडची पिल्लं. (ही अननसाच्या कुळातली झाडं. एकदाच फुलतात, मग बुंध्याशी पिल्लं देऊन सावकाश वाळतात.) मूळ झाड उरणच्या मावशीने दिलेलं. मावशीकडची सगळी गेली होती. वंश टिकला तर आमच्या नवीन पनवेलच्या गॅलरीतच टिकणार होता. पिल्लं आल्यापासून आई उठल्या उठल्या, चहाआधी त्यांना बघून यायची. माझ्याकडे असं कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

मी तेव्हा जमीनवाटपावरची एक पुस्तिका वाचून पेटले होते. एका कुंडीत मूळ झाडासकट पाच जीव कोंबलेले आणि मजल्यावरच्या चार घरांत एकही रोप नाही! आई आठवडाभर मावशीकडे गेली. मी लिफ्टमध्ये सगळ्यांचं मत मागणारं पत्रक चिकटवलं, भाजीची सुरी घेतली आणि अंगठ्याएवढी चार पिल्लं कापून घरोघरी पोचवली. ('मातेची शोषणातून मुक्तता' हा परिच्छेद मला विशेष जमला होता.)

समोरच्या म्हात्रेकाकू मूळच्या विचुंब्याच्या, शेतीतल्या. त्यांनी पिल्लू उलटं करून बुडाशी मुळं शोधली.

"अगो, याला मूल नाय. आयशीच्या निम्म्यावर तरी येऊ द्यायचा ना."

आधी मोठे व्हा, मग हक्क मागा, असं प्रत्येक शोषक म्हणतो, हे मी त्यांना समजावलं.

"ता मना ठाव नाय. पन ह्या कुजनार."

आठवड्याच्या शेवटी चारही घरांतून चिकट, काळपट पिल्लं परत आली. त्याच संध्याकाळी आई आली, ती नेमकी लिफ्टने.

कुंडीसमोर बसून तिने लिफ्टमधून काढून आणलेलं पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"सगळ्यांचं मत घेतलंस," ती म्हणाली, "पिल्लांचं घेतलंस का?"

मग वाळकं पान उचलताना तिला खाली पाचवं पिल्लू दिसलं. ते माझ्या नजरेतून सुटलं, म्हणून वाचलं. त्यानंतर गॅलरीच्या दाराला माझ्यासाठी कडी लागली.

यंदा त्या पाचव्यालाही पिल्लं आली. आईने ती निम्म्यावर वाढू दिली, कापलेली बाजू दिवसभर सुकवली, नारळाच्या काथ्यात लावली. पहिलं मावशीला, दुसरं म्हात्रेकाकूंना, उरलेली मजल्यावर वाटली. मजल्यावर रोप नसलेली मी एकटीच. मी रीतसर लेखी मागणी दिली, दोन पानी, मुद्देसूद.

आईने ती घडी घालून डुगडुगणाऱ्या कुंडीखाली सरकवली. माझ्या लिखाणाने काहीतरी स्थिर झाल्याचं हे पहिलंच उदाहरण.