धाकटीच्या गाडीची चाकं

धाकट्या बहिणीने गाडी घेतली तेव्हा ती दाखवायला आधी आमच्याकडे आली. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून गाडी आत वळली आणि मला पहिल्यांदा दिसली ती तिची चाकं. अलॉय व्हील म्हणतात तसली, पात्यापात्यांची, लखलखीत. नव्या नव्या गाड्या नुकत्याच रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या, पण आमच्या सोसायटीत तसली चाकं कुणाकडेच नव्हती. शेजारच्या काकी गॅलरीतून ओरडल्या, "बहु सरस छे, हं!" मी हळदकुंकू घेऊन खाली गेले, गाडीला लावलं, पेढा तोंडात टाकला. तो चघळताना नजर पुन्हा त्या चाकांवरच गेली.

आमचीही गाडी तिथेच शेजारी उभी होती. एका ओळखीच्यांकडून जुनी घेतलेली, लहानशी, बुटकी. चाकांवरची एक प्लॅस्टिकची टोपी कुठल्याशा खड्ड्यात पडली, तेव्हा उरलेल्याही आम्ही काढून टाकल्या होत्या. त्यामुळे आतली लोखंडी चाकं उघडी पडली होती आणि गंजून पार तपकिरी झाली होती. नवरा नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचा आणि कंपनीच्या बसने जायचा. गाडी चालवायची मी.

आणि माझ्या शेजारी बसायचे बाबा. आई गेल्यापासून ते आमच्याकडे राहत होते. वाचनालय, डॉक्टर, गाण्याचा कार्यक्रम, कुठेही जायचं असलं की मी घेऊन जायची. वाटेत ते बोलत राहायचे. इथे चिंचेची रांग होती, इथे तुझे आजोबा संस्थानच्या कचेरीत जायचे, इथे मी सायकलवरून पडलो होतो. घरात ते कमी बोलत. गाडीत मात्र बोलत आणि ते सगळं माझ्या एकटीसाठी असे.

धाकटी सुभानपुऱ्याला राहायची. मेहुण्यांचा कॉम्प्युटर विकण्याचा धंदा जोरात चालला होता. गाडी आल्यावर ती दर रविवारी येऊन बाबांना फिरायला न्यायला लागली. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आधीपासून तयार असत. परत आले की, "आज आम्ही थेट आजव्याच्या तलावापर्यंत गेलो," असं सांगत. त्या 'आम्ही'त मी नव्हते. मला हेवा वाटायचा. तिच्या गाडीचा नाही, असं मी स्वतःला बजावायची आणि भांडी जरा जास्तच जोरात आपटायची.

तशात चुलतभावाच्या मुलाची मुंज ठरली. कार्यालय गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. बाबा सहज म्हणाले, "मी धाकटीबरोबर जाईन. तुम्ही दोघं या मागून."

"का? आपली गाडी आहे ना, बाबा?"

"आहे गं. पण तिच्या गाडीत बरं वाटतं."

मी गवार मोडत होते. बरं वाटतं म्हणजे काय? माझ्या गाडीत बरं वाटत नाही? मला एकदम ती चाकं आठवली. कार्यालयाच्या दारात सगळे नातेवाईक उभे असणार. तिथे गंजक्या चाकांच्या गाडीतून उतरायची बाबांना लाज वाटत असणार. दुसरं कारणच मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. चंदेरी रंगाचे स्प्रे मागितले तर दुकानदार म्हणाला, "सायकल माटे, बेन?"

"गाडी माटे," मी ठसक्यात सांगितलं. स्प्रे, प्रायमर, काचकागद आणि चिकटपट्टी घेऊन घरी आले.

नवरा म्हणाला, "अगं, चाकं बघून कुणी गाडीत बसतं का?"

"तुम्ही फक्त नट सैल करून द्या."

त्याने पान्यावर पाय देऊन नट सैल केले, जॅक लावला आणि चाक काढून दिलं. मी ते मागच्या अंगणात वर्तमानपत्रावर आडवं घातलं. एक रंगवायचं, वाळलं की बसवायचं, मग दुसरं काढायचं, असं ठरलं होतं. तारेच्या ब्रशने गंज खरवडला, काचकागदाने घासलं, रॉकेलने तेलकटपणा काढला, साबणाने धुतलं आणि कोरडं पुसलं. टायरला रंग लागू नये म्हणून जुन्या लग्नपत्रिका आणून टायर आणि लोखंडाच्या फटीत कडेकडेने खोचल्या. प्रायमर मारून तो वाळू दिला. मग चंदेरी डबा हातात घेऊन खळखळ हलवला आणि अगदी जवळून फवारला. मला घाई झाली होती. रंग जाड बसला आणि त्याचे ओघळ खाली आले.

तेवढ्यात काकी कुंपणाशी आल्या. चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "तारी बेन जेवी करवी छे ने?" बहिणीसारखीच करायचीत ना? मी मान खाली घालून ओघळ वाळायची वाट बघत बसले.

ते घासून काढून पुन्हा रंगवलं. या वेळी हातभर लांबून, हात सतत हलता ठेवून, पातळ पातळ थर दिले. चाक उजळत गेलं. पुढच्या चाकांना हात बसला. माझ्या बांगड्या, नखं, नाकाचा शेंडा, सगळं चंदेरी झालं होतं.

शेवटचं चाक नुकतं संपवलं होतं, तेवढ्यात धाकटी मुंजीची साडी दाखवायला आली.

"ताई, हे काय! मला सांगायचंस. आमच्या गॅरेजवाल्याकडून करून घेतलं असतं."

'आमच्या गॅरेजवाल्याकडून' हे शब्द मला झोंबले. ती मात्र कौतुकाने खाली वाकली. "पण काय मस्त झालंय गं!" म्हणून तिने बोट लावलं. रंग ओला होता. तिच्या बोटाचा ठसा मधोमध उमटला.

"सॉरी, सॉरी!" ती हसत सुटली. मला हसू आलं नाही. ती गेल्यावर मी तो ठसा घासून काढला आणि ते चाक पहिल्यापासून रंगवलं.

मुंजीच्या सकाळी दोन्ही गाड्या फाटकाशी उभ्या होत्या. बाबा काठी टेकत खाली आले, आमच्या गाडीभोवती फिरले आणि थांबले.

"तू केलंस हे?"

"हो."

त्यांनी थोडा वेळ चाकांकडे पाहिलं. मग धाकटीला म्हणाले, "आज मी हिच्याबरोबर जातो."

मी धाकटीचा चेहरा बघितला. मुद्दाम बघितला. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि आपल्या गाडीत जाऊन बसली. मला इतका आनंद झाला की पूर्ण रस्ताभर मीच बोलत होते. नवरा मागच्या सीटवरून हं हं करत होता. बाबा 'हो', 'नाही' एवढंच म्हणत होते.

कार्यालयाशी गाडी थांबली आणि बाबांना उतरता येईना. सीट खोल, गुडघा आखडलेला. दार धरून ते उठायला गेले आणि मागे पडले. चेहरा घामाने डबडबला. मी हात धरून ओढायला लागले तशी धाकटी पळत आली.

"ओढू नकोस, ताई. बाबा, आधी दोन्ही पाय बाहेर. हं. आता माझ्या खांद्यावर हात." तिने एक हात त्यांच्या काखेत घातला, दुसरा गुडघ्याखाली धरला आणि त्यांना अलगद उभं केलं. तिचे हात सरावलेले होते.

"त्यांना खाली बसवत नाही आता," ती हळूच म्हणाली. "माझी सीट उंच आहे, म्हणून मी नेते. तुला एव्हाना कळलं असेल, असं वाटलं."

"मला कुणी सांगितलं?"

बाबाच म्हणाले, "तिला मीच सांगू नको म्हटलं होतं. जावईबापूंनी कष्टाने घेतलेली गाडी. तिच्यात माझा पाय दुखतो, असं तुला कसं सांगायचं? तू किती हौसेने न्यायचीस."

म्हणजे त्या चाकांचा काही संबंधच नव्हता. मला हायसं वाटायला हवं होतं. पण बटू मांडीवर बसला, मंगलाष्टकं झाली, अक्षता टाकल्या, तरी डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बाबांचं दुखणं तिला माहीत होतं. माझ्या घरात, माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचं दुखणं सुभानपुऱ्याला माहीत होतं. गाडीपेक्षा, चाकांपेक्षा मला या गोष्टीचा हेवा जास्त वाटला आणि त्याला घासून काढायला कुठला काचकागद नव्हता.

जेवणं झाल्यावर मी धाकटीला बाजूला घेतलं. "मला दाखव, त्यांना कसं बसवायचं ते."

तिने बाबांना तिच्या गाडीशी नेऊन दाखवलं. आधी पाठ सीटकडे, मग टेकायचं, मग पाय एकेक करून आत. मी तसंच केलं. बाबा नीट बसले. मी दार लावून मागे वळले, तर तिने किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"तू चालव. मी तुझी गाडी घेऊन मागून येते."

मला तिचा रागच आला. इतकं चांगलं वागायची काय गरज होती? पण किल्ली मी परत दिली नाही.

स्टेअरिंग हलकं होतं. पहिल्या वळणावर गाडी हळू करत मी विचारलं, "बाबा, आत्ता दुखतंय का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखं "छे, छे" म्हणतील असं वाटलं.

"दुखतंय," ते म्हणाले. "सकाळपासून जरा जास्तच. आणि रात्री कूस बदलताना कळ येते ना, ती इथून निघते, बघ." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून मला जागा दाखवली.