सहस्रकुंडावर अर्धा सेकंद

लातूरच्या बसस्थानकावर उदगीरची गाडी अगदी समोर लागली होती. मी तिच्याकडे पाठ केली आणि नांदेडच्या गाडीत चढलो. उदगीर माझं गाव. तिथे माझा थोरला भाऊ आहे, आणि चैत्रापासून दादा आणि मी एकमेकांशी बोललेलो नाही.

कारण काय, तर खिशात मावणारा हा कॅमेरा. चैत्रात आमचे अप्पा गेले. आमच्या लिंगायत घरात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून बसवतात, आणि घरचे सगळे शेजारी बसून शेवटचा फोटो काढतात. दादानं सगळ्यांचे मोबाईल खिशात ठेवायला लावले. "फोटो एकच, तोबी कॅमेऱ्यात. गावभर फिरायला नको." कॅमेरा माझा, म्हणून काम माझं. आदल्याच आठवड्यात मी एक व्हिडिओ बघून घरच्या नळाची धार धूसर करून टिपायचे प्रयोग केले होते. कॅमेऱ्यावरची चकती S वर, अर्ध्या सेकंदावर, तशीच राहिली. मी कॅमेरा कोनाड्यात ठेवला, टायमर लावला आणि अप्पांशेजारी जाऊन बसलो. नंतर त्या इवल्या पडद्यावर पाहिलं तर नुसते फराटे. दुसरा काढायच्या आत माणसं उठलीही होती.

दादा म्हणाला, "एक काम सांगितलं, तेबी धड न्हाई. आन् डोळ्याला पाणीबी न्हाई तुझ्या. कॅमेऱ्यात डोकं घालून बसलास."

दुसरं वाक्य जास्त लागलं, कारण रडल्याचं मलाही आठवत नव्हतं. मेमरी कार्ड कपाटात टाकलं ते टाकलंच. लोकांना सांगताना कॅमेऱ्यालाच नावं ठेवत होतो. नाचता येईना अंगण वाकडं! भाद्रपदात चार दिवस सुट्टी मिळाली तेव्हा ठरवलं, निदान ती चकती तरी समजून घ्यायची.

अहमदपूर, लोहा करत नांदेडला साडेतीन तास लागले. रस्ता बरा आहे, पण पाठ टेकायला काही हवं असेल तर सोबत उशी न्या. लॉजवर मॅनेजरनं वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "किती जण?"

"एक."

"एकलेच? सिंगल खोली न्हाई, डबलचीच घ्यावी लागंल."

घेतली. दुसऱ्या उशीवर कॅमेऱ्याची पिशवी ठेवली. बरं दिसलं.

सकाळी गोदावरीच्या घाटावर A मोड लावला. त्यात भिंगाचं छिद्र किती उघडायचं ते आपण ठरवतो, उजेड किती वेळ आत घ्यायचा ते कॅमेरा ठरवतो. छिद्र मोठं केलं की समोरची होडी स्पष्ट आणि मागचा पूल धूसर. दहा-बारा फोटो चांगले आले. ते दाखवायला मात्र कुणी नव्हतं. दुपारी एका टपरीवर गरम तहरी खाल्ली. नांदेडचा हा तिखट मसालेभात एकट्यानं खायचा पदार्थ नाही, अर्धी ताटात राहिली.

तिसऱ्या दिवशी भोकर, हिमायतनगरवरून इस्लापूर. तीन तासांची एसटी, आणि पुढे सहस्रकुंड धबधब्यापर्यंत रिक्षा. परतीचं आधीच बोलून ठेवा, संध्याकाळी रिक्षा मिळत नाही. पैनगंगा तुडुंब होती. काळ्या खडकावरून पाणी असं कोसळत होतं की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागे. मला ती अडचण नव्हती.

कठड्याजवळ एक म्हातारी मक्याची कणसं भाजत बसली होती.

"एकलेच आलाव का बाबा?"

"हाव."

"मग फोटू कुणाचा काढायलाव?"

"पाण्याचा."

"पाणी काय थांबतंय व्हय!"

आभाळ भरून आलं होतं, उजेड कमी झाला होता. मी चकती S वर आणली. इथे उजेड आत घ्यायचा वेळ आपण ठरवायचा. अर्धा सेकंद. कठड्यावर कॅमेरा टेकवला, टायमर लावला, हात काढून घेतला. पडद्यावर बघितलं तर धबधब्याचा पिंजलेला कापूस झाला होता. समोर नाचणारी कॉलेजची पोरं पुसून गेली होती. आणि कडेला म्हातारी, अगदी कोरीव, हातातल्या कणसाच्या दाण्यांसकट.

मी तिला दाखवला. ती हसली. "म्या तेवढी हाय! बाकीचे समदे कुठं गेले?"

"ते हालले, मावशी. तुम्ही बसून होता."

"गुडघे धरलेत माझे. उठून जाऊ कुठं?"

मीही हसलो. कपाटातलं कार्ड आठवलं. त्या दिवशी त्या खोलीत एकच माणूस हालला नसेल. परतीच्या दोन्ही गाड्यांत मी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. तेव्हा त्या रस्त्याचं वर्णन माझ्याकडून मागू नका.

लातूरला घरी येऊन बूटही न काढता कार्ड कॉम्प्युटरला लावलं. फोटो पडदाभर झाला. अप्पा स्वच्छ आले होते. कपाळावरचे विभूतीचे तिन्ही पट्टे, रुद्राक्षाचा मणी न् मणी, मांडीवरच्या हाताच्या शिरा. भोवती आम्ही सगळे फराटे. रडणारा माणूस अर्धा सेकंदही स्थिर बसत नाही. दादाचे खांदे पुसट होते, वहिनीचा पदर पुसट होता. अप्पांच्या उजवीकडे जो होता त्याला तर चेहराच उरला नव्हता. तो मी. धावत येऊन बसल्यामुळे असेल, असं मनाला सांगून पाहिलं. पण टायमर दहा सेकंदांचा होता, आणि मी केव्हाच बसलो होतो.

फोटो दादाला पाठवला. लगेच फोन आला.

"अप्पा लई चांगले दिसायलेत रे."

"हाव."

"आन् त्यो उजवीकडं कोण? तोंडच न्हाई त्येला."

"मी."

मग दादा म्हणाला, "ह्योच लावू भिंतीला. मोठा करून घे आन् जेवायला ये."

लातूरहून उदगीरला दर अर्ध्या तासाला गाडी आहे, दोन तासही लागत नाहीत. मला तिथे पोचायला पाच महिने लागले.