जवानाच्या लोकरीतला मफलर

एकाहत्तरच्या युद्धात आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वरच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीला हिरवट खाकी लोकरीच्या सहा लड्या मिळाल्या. जवानासाठी पूर्ण बाह्यांचा एक स्वेटर, शनिवारपर्यंत. मी तो पाच लड्यांत भागवला आणि सहाव्या लडीचा माझ्यासाठी अरुंद मफलर विणला.

मला कमी काहीच नव्हतं. बाबा दारूगोळ्याच्या फॅक्टरीत मोठ्या हुद्द्यावर, राइट टाउनच्या साहेबी वस्तीत ऐसपैस घर, कपाटात माझे तीन स्वेटर. पण तो रंग बाजारात मिळत नसे. फॅक्टरीचा भोंगा वेळी-अवेळी वाजायचा, सगळं शहर युद्धासाठी राबत होतं आणि मी नुसती बघत होते. तो रंग गळ्यात आला की आपणही कुणीतरी होऊ, असं वाटत असावं.

त्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला एक कादंबरी चालू होती. नायक जमीनदाराचा मुलगा. सगळं सोडून स्वतःच्या शोधात निघतो, आणि जाईल तिथलं काहीतरी उचलतो. कुणा कोळ्याचं गाणं, कुणा विधवेचं दुःख, सगळं आपला अनुभव म्हणून. मी निबंधात लिहिलं, याला स्वतःचा शोध नकोच आहे, आणखी काहीतरी मिळवायचं आहे. वर्गात तोंड न उघडणारी मी कागदावर फार कठोर होते. टीचरनी निबंध सगळ्यांना वाचून दाखवला. माझे कान तापले. मफलर तेव्हा दप्तरातच होता.

शुक्रवारी संध्याकाळी बाबा डबल ड्यूटी करून आले. आईने चहाआधीच त्यांना स्वेटर घालून बघायला लावला. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर थांबल्या.

"काहून गं, इतक्या आखूड?" आईने मला विचारलं.

"लोकर संपली."

"अच्छा, म्हणजे आपला जवान बुटका आहे," बाबा म्हणाले. "चलो, थंडी वाजली तर हात खिशात घालेल. बंदूक नंतर चालवेल."

आई हसली नाही. "बाकीच्या पोरींना पुरली अन् हिलेच नाही पुरली?"

बाबा हात पुढे करून तसेच उभे होते. त्यांच्या उघड्या मनगटाकडे मला बघवेना. तोवर जवान म्हणजे माझ्यासाठी एक रंग होता. त्याला हात असतात हे तेव्हा कळलं.

मी खोलीत जाऊन मफलर उसवायला घेतला. उसवलेली लोकर कुरळी होते, धुऊन वाळवल्याशिवाय सरळ होत नाही, आणि तेवढा वेळ नव्हता. थोड्या वेळाने आई दारात आली.

"विणून राहिली का उसवून राहिली?"

मी धागा ओढत राहिले. तिने माझ्या मांडीवरच्या ढिगाकडे पाहिलं, बाजूला बसली, सुया घेतल्या. "एक बाही दे इकडे."

जेवणापर्यंत आम्ही दोघींनी बाह्या वाढवल्या. नवा भाग जरा खडबडीतच दिसत होता.

शनिवारी टीचरनी बाही ताणून लांबी पाहिली, मान हलवली आणि स्वेटर ढिगावर टाकला. मी टेबलापाशीच उभी राहिले. काहीतरी ऐकायचं होतं मला, एखादा शब्द, निदान एक नजर. मागच्या मुलीने पाठीत कोपर मारलं.

"आगे बढ़ो ना."