चार नंबरचे साहेब आणि त्यांचा आरोपी

एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्या शिपायाला दोनशेहून जास्त वेळा शिक्षा झाली होती, आणि माणूस तर असा की मुंगी आडवी आली तरी थांबून तिला आधी जाऊ देईल.

नोकरी होती न्यायाधीशांच्या प्रशिक्षण संस्थेत. दहा-दहा वर्षं निकाल देऊन पिकलेले साहेब आणि मॅडम इथे आठवडाभर वही-पेन घेऊन बाकांवर बसत. शेवटी सराव खटला चाले. त्याला आरोपी लागतो, आणि न्यायाधीशांपैकी कुणी आरोपी व्हायला राजी नसे. म्हणून पहिल्या वर्षी शिपायाला उभं केलं, ते कायमचंच. "सर्वांनी उभे राहा" असा पुकारा झाला की उजवीकडच्या पिंजऱ्यात जायचं, हात जोडायचे, मान किंचित खाली घालायची. फार खाली घातली तर गुन्हा कबूल केल्यासारखं दिसतं, ताठ ठेवली तर माणूस मग्रूर वाटतो. हे त्याचं स्वतःचं संशोधन. जन्मठेप ऐकून झाली की तो उतरून चहाचा ट्रे आणायला जाई.

खरा खटला घरचा होता. वडील सुतार. मागच्या बोळात उघडणारं दार त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी बसवलं होतं. आता शेजाऱ्याच्या मुलाने बोळ आपलाच म्हणून दाराला खेटून भिंत घातली. दार वीतभर उघडायचं आणि भिंतीला नाक घासून थांबायचं. बोळ येण्याजाण्याचा होता याला कागद नव्हता, होते फक्त वडील. आणि वडिलांचं डोकं रोज थोडं थोडं रिकामं होत चाललं होतं. सकाळी ते ठणकावून सांगत, "चौकट सागाची!" संध्याकाळी विचारत, "कसली चौकट?"

वकिलाने धडपड करून त्यांच्या साक्षीची तारीख लवकर मिळवली. शिपायाने रजा टाकली, वडिलांना धुतलेला सदरा घातला, कोर्टात नेलं. कारकून म्हणाला, "चार नंबरचे साहेब नवीनच बदलून आलेत, आणि आठवडाभर ट्रेनिंगला गेलेत. पुढची तारीख घ्या."

"कसलं ट्रेनिंग?" वडिलांनी विचारलं.

"खटले लवकर कसे निकाली काढायचे त्याचं."

दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर सह्या घेताना शिपायाचं बोट एका ओळीवर थबकलं. न्यायालय क्रमांक चार. काखेत कळसा म्हणतात तो हा, फक्त त्याला हात लावायची सोय नव्हती. हेडक्लार्क बाईंनी त्याचा चेहरा बघूनच बजावलं, "अवाक्षर काढू नकोस. तुझी नोकरी जाईल आणि वडिलांची केसही बिघडेल."

साहेब दुष्ट असते तर सोपं गेलं असतं. ते चहाचा कप घेताना मान वर करून विचारत, "काय हो, घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे, साहेब." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबायचंही स्वतःच.

चौथ्या दिवशी वर्गात पाण्याचे ग्लास ठेवताना त्याच्या कानावर आलं, "पक्षकार ओळखीचा निघाला, तर खटला आपल्याकडे ठेवायचा नाही." चार नंबरच्या साहेबांनी ते वहीत उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या. शिपायाने त्याच क्षणी ठरवलं, तारखेला आपण कोर्टाच्या दाराबाहेरच उभं राहायचं.

पाचव्या दिवशी सराव खटल्यात साहेबांनी त्याला निर्दोष सोडलं. वर हात मिळवून म्हणाले, "तुमचा चेहराच सांगतो हो." तेव्हा मात्र त्याच्या ओठांवर आलेलं त्याने ट्रेसकट आत नेलं.

दोन महिन्यांनी तारीख आली. वडील त्या दिवशी असे लख्ख, की रिक्षावाल्यालासुद्धा त्यांनी दार कसं बसवलं ते ऐकवलं. ठरल्याप्रमाणे शिपाई बाहेर थांबला आणि बायको सासऱ्यांना आत घेऊन गेली. साक्षीदाराच्या पिंजऱ्याला दोन पायऱ्या. वडिलांचा गुडघा पहिलीवरच अडला.

"अरे ए आडदांडा!" ते आतून ओरडले. "सून काय मला कडेवर घेणार आहे? ये की इकडे!"

साहेब अजून आले नव्हते. शिपाई धावत गेला, वडिलांना अलगद वर उभं केलं आणि परतायला वळला. तेवढ्यात पुकारा झाला, "सर्वांनी उभे राहा!"

डोकं दाराकडे निघालं होतं. पायांनी ऐकलं नाही. एकोणीस वर्षांची सवय त्यांना उजवीकडे घेऊन गेली. तो आरोपीच्या रिकाम्या पिंजऱ्यात शिरला, हात जोडले, मान किंचित खाली घातली.

साहेब बसले. समोर बघितलं. "अहो, तुम्ही?"

"साहेब, हा दिवाणी दावा आहे," शिपायाचे वकील गडबडून म्हणाले. "यात आरोपीच नाही!"

कोर्ट हसलं. साहेब हसले नाहीत. "साक्षीदार तुमचे कोण?"

"वडील," शिपाई म्हणाला. मान आता खरोखरच खाली गेली.

साहेबांनी पेन ठेवलं. "यांना मी ओळखतो. पाच दिवस यांच्या हातचा चहा प्यायलो आहे. हे प्रकरण मला ऐकता येणार नाही. दुसऱ्या न्यायालयाकडे जाईल."

"तुम्हीच ऐकलंत तरी आमची काही हरकत नाही, साहेब," शिपायाचे वकील घाईने म्हणाले.

शेजाऱ्याच्या मुलाचे वकील अदबीने उठले. "साहेबांचं अगदी बरोबर आहे."

"मी बोलू का आता?" वडिलांनी विचारलं.

"आज नाही, बाबा."

"पण मला आज आठवतंय!"

साहेबांनी फाइल बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. "मला ऐकताच येत नाही हो, बाबा," ते म्हणाले, आणि त्यांच्याकडे न बघता पुढचं प्रकरण मागितलं.

नवी तारीख सात महिन्यांनंतरची निघाली. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्याबसल्या वडिलांनी सगळी साक्ष दिली. दार बसवलं तो वार, सागाची चौकट, ती धरताना शेजाऱ्याचा चेचलेला अंगठा, त्याला लावलेली हळद. एक शब्द चुकला नाही. शिपायाने सगळं ऐकून घेतलं. बायको पदराच्या टोकाशी चाळा करत दुसरीकडे बघत होती.

"बरोबर सांगितलं ना?"

"अगदी बरोबर, बाबा."

"मग ऊठ. भिंत पाडायला घण बघायला हवा." म्हातारा तरतरीत उठून चालायला लागला. उतरायचा जिना उलट्या बाजूला होता. ते सांगणं शिपायाच्या जिवावर आलं. तो त्यांच्या मागे निघाला.